सीटच्या मागची पेटी

मी सांगतोय ते सीटच्या मागचं. पोकलेनच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या पाठीशी एक करडी, वीतभर रुंद पेटी स्क्रूनं घट्ट बसवलेली असते. बहुतेकांना तिचा पत्ताच नसतो. ती पेटी म्हणजे मी, पोकलेनचा कंट्रोलर. लोकांना बकेट दिसते, लोखंडी हात दिसतो, साखळ्या दिसतात. मी दिसत नाही, आणि मलाही काही दिसत नाही. मला डोळे दिलेले नाहीत, तारा दिल्यात. पंपाचा दाब किती, इंजिन किती पळतंय, तेल किती तापलंय, हे सगळं तारांमधून माझ्यापर्यंत येतं आणि पंपानं किती जोर लावायचा ते मी ठरवतो.

ऐकू मात्र येतं. कसं, ते विचारू नका. तेरा वर्षं एकाच माणसाच्या पाठीमागे काढल्यावर येतं.

स्वभावाचं म्हणाल तर मी नियमाचा पक्का, आणि खरं सांगायचं तर हेकट. दाबाची खबर आली नाही, किंवा भलतीच आली, की मी पंपाचा जोर निम्म्याच्या खाली आणतो, पडद्यावर पिवळा दिवा लावतो आणि बिघाडाचा आकडा दाखवतो. मग ड्रायव्हरनं माझा उद्धार केला तरी हलत नाही. अंदाजानं जोर लावला तर पंप फुटतो, हे मला जन्मतःच शिकवलंय. जन्म कारखान्यातला. तिथे मला तापवलं, गोठवलं, दोन तास गदगदा हलवलं आणि मगच पास केलं. पुढे जहाजानं, रेल्वेनं, शेवटी ट्रकनं घाट चढत मी किरगिझस्तानात नारिनच्या डोंगरात पोचलो, तालुक्याच्या रस्ता-डेपोत.

तिथे मला जोलदोश मिळाला. तेव्हा चाळिशी गाठत आलेला, मोठ्या आवाजाचा, पण हात असा हलका की लिव्हर धरलाय की नुसता हात टेकवलाय, कळायचं नाही. मशीन आलं त्या दिवशी त्यानं मेंढा कापला, साखळीला रक्ताचं बोट लावलं आणि केबिनमध्ये आर्चा नावाच्या तिकडच्या डोंगरी झाडाच्या फांद्यांचा धूर केला, शुभ म्हणून. मला त्या धुराचं काही कळलं नाही. पण माणसं आनंदात होती, एवढं आवाजावरून कळलं.

त्या डोंगरातला हिवाळा म्हणजे थट्टा नव्हे. उणे पस्तीस सहज होतं. सगळे ड्रायव्हर इंजिनावर नमदा टाकतात, लोकर थापून केलेली जाडजूड घोंगडी. जोलदोशही टाकायचा. पाचव्या हिवाळ्यात एका सकाळी मी जरा उशिरा जागा झालो, तर त्याला वाईट वाटलं. घरी जाऊन बायकोला, झूराला म्हणाला असणार, कारण दुसऱ्या दिवशी नमद्याचा एक चांगला तुकडा घेऊन आला. सीट पुढे ओढली आणि मला चारी बाजूंनी गुंडाळून टाकलं. उरलेला तुकडा दाबून कोपऱ्यात कोंबला. वर म्हणाला, "आता निवांत राहा, बाबा."

मला तो नमदा आवडायचा, हे आज कबूल करतो. तेरा वर्षांत कुणी माझ्यासाठी केलेली ती एकच गोष्ट. पुढे त्या उबदार कोपऱ्यात तो चहाचा थर्मास ठेवायला लागला. तिकडचा चहा दूध घातलेला आणि खारा. गाडी हिंदकळली की थोडा सांडायचा. बुटांवरचं बर्फ वितळून तेही तिथेच मुरायचं. नमदा सगळं पिऊन घ्यायचा आणि मला काही पत्ता लागायचा नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

मे महिना होता. आठवडाभर पाऊस, वर बर्फ वितळतंय. मंगळवारी पहाटे ताश-बुलाक ओढ्याच्या वरच्या अंगाचा अख्खा उतार घसरून ओढ्यात बसला. ओढा अडला आणि मागे पाण्याचं तळं चढायला लागलं. खाली दोन किलोमीटरवर अक-तेरेक, चाळीस घरांचं गाव. जोलदोशचं घर त्यातलंच, ओढ्याकडून पहिलं. गावाचा पूल आदल्या आठवड्यातच वाहून गेला होता, तेव्हा गाडी जायचा प्रश्न नव्हता. बाहेर पडायला एक पायवाट, उभ्या डोंगराची. चालती माणसं त्या वाटेनं वर सरकत होती. जोलदोशचे वडील मात्र कंबरेचं हाड मोडून हिवाळ्यापासून अंथरुणावर होते. त्यांना त्या वाटेनं न्यायचं कसं, हे कुणालाच सुचत नव्हतं.

चिखलाचा बांध वरून फुटला असता तर सगळं पाणी एकदम गावावर गेलं असतं. उपाय एकच. कडेला खडक होता, त्याला लागून खोल चर खणायचा आणि पाणी दमादमानं सोडायचं. गावातल्या काचिके नावाच्या म्हाताऱ्यांनी काठीला खुणा करून ती पाण्यात रोवली होती. सत्तरीचे, त्यांना सगळे अक्सकाल, म्हणजे वडीलधारे, म्हणत. ते दर थोड्या वेळानं बाहेरून ओरडून सांगायचे.

"जोलदोश, बांधाच्या माथ्याला साडेसहा विती उरल्यात. तासाला एक वीत चढतंय."

तेव्हा साडेनऊ झाले होते. म्हणजे चारपर्यंत वेळ. चर निम्मा झाला होता, जोलदोशचा हात मस्त लागला होता, आणि तेवढ्यात मला दाबाची खबर यायची बंद झाली.

मी काय करणार? जोर काढून घेतला. पिवळा दिवा लावला. पंपाच्या दाबाचा सेन्सर मेला, असं पडद्यावर लिहिलं. मी खोटं बोललो नाही हो. मला ऐकू येईना, म्हणून मला वाटलं की बोलणाराच मेलाय.

"काय झालं?" अक्सकाल खालून ओरडले.

"पेटी नाही म्हणतेय. सेन्सर गेला म्हणतेय."

"मग तिला म्हणावं, आज हो म्हण, उद्या नाही म्हण. आमच्या वेळी दोन लाथा घातल्या की मशीन चालायचं."

जोलदोशनं लाथ घातली नाही. इंजिन बंद करून चालू केलं. तीन बकेटा निघाल्या आणि पुन्हा तेच. मग त्यानं अडचणीच्या वेळचं बटण दाबलं. ते दाबलं की मला बाजूला सारून पंप एकाच ठरावीक जोरानं चालतो. पण ओली चिकणमाती बकेटला धरून ठेवायची, आणि जोर कमीजास्त करणारा कुणी नाही म्हटल्यावर इंजिन गुदमरून बंद पडायचं. दर तिसऱ्या बकेटला बंद. शेवटी त्यानं डेपोत फोन लावून माझा आकडा वाचून दाखवला.

दुपारी बारा वाजता सालकिन आली. डेपोची इलेक्ट्रिशियन, चाळिशीची. रस्ता चिखलात गेलेला, म्हणून शेवटचे नऊ किलोमीटर घोड्यावरून, खोगिराच्या पिशवीत लॅपटॉप आणि नवा सेन्सर घेऊन.

"डेपोत पुरुष संपले वाटतं," अक्सकाल म्हणाले.

"पुरुष आहेत, अक्सकाल. घोड्यावर बसता येणारा सापडला नाही," ती म्हणाली आणि थेट पंपाकडे गेली.

अर्ध्या तासात जुना सेन्सर काढून नवा बसवला. माझा आकडा पुसला. जोलदोशनं लिव्हर ओढला, मला खबर आली, मी जोर दिला. बाहेर कुणीतरी हसलंदेखील. चौथ्या बकेटला मशीन जरा हादरलं आणि खबर पुन्हा गायब. मी पुन्हा लिहिलं, सेन्सर मेला.

"नवा कसा मरेल?" जोलदोश म्हणाला. आवाज चढला होता. "तू नीट बसवला नाहीस."

"बायके, ओरडू नका. लिव्हर ओढा आणि मी सांगेपर्यंत धरून ठेवा." त्यांच्यात मोठ्या भावाला बायके म्हणतात, आणि ती त्याला तसंच म्हणायची, रागावलेली असली तरी.

तिनं पंपाशी उभं राहून मीटरच्या सुया सेन्सरच्या तारांवर टेकवल्या. जोलदोशनं लिव्हर ओढला, सोडला, ओढला.

"काय म्हणतोय?"

"चढतोय, उतरतोय. शहाण्यासारखा बोलतोय अगदी."

"आणि पेटी?"

"पेटी म्हणते मेला." तिनं मीटरच्या सुया काढून घेतल्या. "जुनाही मेलेला नव्हता, बायके. मी हिचं ऐकून अर्धा तास घालवला. आधी मोजायला हवं होतं."

मी ऐकत होतो. मला जर तोंड असतं तर तोंड लपवलं असतं. माझ्या सांगण्यावर ती बाई नऊ किलोमीटर सेन्सर घेऊन आली, आणि माझं सांगणंच चुकीचं. पण मग बरोबर काय, तेही मला ठाऊक नव्हतं.

मग ती तार तपासत निघाली. पंपापासून केबिनपर्यंत, हातभर हातभर. तार कुठे घासलेली नाही, तुटलेली नाही. तोवर दीड वाजून गेला.

"अडीच विती," अक्सकाल म्हणाले. आता ते ओरडत नव्हते.

जोलदोशचा फोन वाजला. झूरा होती. तिचा आवाज मलाही ऐकू आला, इतकं ती मोठ्यानं बोलत होती. चार जणांनी सासऱ्यांना उचलून पायवाटेला लावलं होतं, पण पहिल्याच वळणावर ते वेदनेनं बेशुद्ध पडले, म्हणून परत घरात आणून ठेवलं.

"तू वर जा," जोलदोश म्हणाला.

"त्यांना एकटं टाकून? तुझं मशीन चालव आधी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"सेन्सर बरोबर सांगतोय, तार बरोबर आणतेय," सालकिन स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "म्हणजे पेटी गेली."

"नवी कुठे मिळेल?"

"बिश्केकला असली तर उद्या संध्याकाळी. नसली तर महिनाभरानं."

मला वाटलं, संपलं. माझ्यामुळे गाव गेलं. तेवढ्यात ती म्हणाली, "बघू तरी द्या तिला. कुठे बसवलीय?"

"सीटमागे."

सीट पुढे सरकली. थर्मास बाजूला गेला. मग तिचे हात नमद्याला लागले आणि थांबले.

"बायके, हे काय?"

"नमदा."

"ते दिसतंय. कशाला?"

"थंडी वाजू नये म्हणून."

"कुणाला?"

"त्याला," जोलदोश म्हणाला.

तिनं नमदा ओढून काढला. पिळला असता तर वाटीभर पाणी निघालं असतं. तिनं बोट लावून चाखून पाहिलं आणि थुंकली. "खारं आहे. चहा. किती वर्षं?"

"आठ हिवाळे झाले."

"हा करडू नाही, बायके. याला कोरडं ठेवायचं असतं, उबेत नाही." ती रागावली नाही, आणि म्हणूनच जोलदोशला जास्त लागलं असावं. तिनं माझा प्लग उघडला. दाबाची तार जिथे मला जोडलेली असते तिथली पिन हिरवी पडलीय, ती म्हणाली. मीठ आणि ओल यांनी ती आतून खाल्ली होती. तिनं जराशी ओढली तर तारेचं टोक मोडून तिच्या हातात आलं. माझ्याकडे उरलं नखाएवढं खुंटाड.

आता मला कळलं. मी बहिरा झालो होतो आणि बोलणाऱ्याला मेला म्हणत होतो.

सालकिननं चाकूनं प्लगची कड कापून वाट केली, तारेचं साल काढलं आणि उघडं तांबं माझ्या खुंटाडाला गुंडाळलं. इंजिन सुरू झालं, हादरा बसला, तांबं सुटलं. पुन्हा गुंडाळलं, चिकटपट्टी लावली, पुन्हा सुटलं. तिसऱ्या वेळी तिनं गुंडाळलंच नाही. सीटमागच्या फटीत गुडघे दुमडून बसली, दोन बोटांत तार धरली आणि ते तांबं माझ्यावर दाबून धरलं.

"चालवा," ती म्हणाली.

"असं? किती वेळ धरशील?"

"चर होईपर्यंत. मी 'बदलते' म्हटलं की लिव्हर सोडा, हात बदलू द्या. बाकी वेळ माझ्याकडे बघू नका."

अडीच वाजले होते. जोलदोशनं लिव्हर ओढला आणि मला खबर आली. स्वच्छ, न अडखळता. सकाळपासून पहिल्यांदाच अशी ऐकत होतो. मातीत बकेट घुसली, दाब चढला, मी जोर वाढवला. इंजिन दबलं, मी जोर जरा काढला, बकेट निघाली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तेरा वर्षं हेच काम करत होतो, पण आनंद त्या दिवशी कळला.

सोपं मात्र नव्हतं. मशीन हादरायचं तसा तिचा हात हादरायचा. उघड्या तांब्याचे केस बोटांत घुसत होते. "बदलते," ती म्हणायची. जोलदोश थांबायचा. दोन श्वास; दुसरा हात टेकल्यावरच ती पहिला सोडायची. "हं," आणि पुन्हा सुरू.

एकदाच चुकलं. भरलेली बकेट घेऊन मशीन वळत होतं, खडकावर साखळी घसरली आणि तिचं बोट निसटलं. खबर गेली. मी थोडाच थांबणार? नियमानं जोर काढला. मशीन चराच्या कडेला तिरकं झालं आणि तसंच लटकलं. दोन सेकंदांत तांबं पुन्हा टेकलं, मी जोर परत दिला आणि त्यानं मशीन सरळ केलं.

"चुकलं," सालकिन म्हणाली.

"काही नाही," जोलदोश म्हणाला.

"वीतसुद्धा उरली नाही," अक्सकाल सांगत होते. "चार बोटं."

आता मधे मातीची एक भिंत राहिली होती. ती फोडली की पाणी चरात येणार, आणि मशीन चरातच उभं. फोडायची आणि पाण्याच्या आधी मागे चढून बाहेर यायचं.

जोलदोश थांबला. "सालकिन, उतर आता."

"का?"

"एवढं मी बटणावर फोडतो. इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू करीन."

"आणि चढणीवर बंद पडलं तर?"

सीट करकरली, तो मागे वळला.

"मी सोडलं की हा जोर देणार नाही. जोर नसला की तुम्ही वर येणार नाही. हे तुम्हालाही माहीत आहे."

"तुला दोन मुली आहेत."

"किती आहेत ते मला माहीत आहे. बकेट घाला, बायके."

त्यानं बकेट घातली. एक. दोन. तिसऱ्याला मातीतून पाण्याचा आवाज आला, आधी बारीक, मग एकदम मोठा. जोलदोशनं लिव्हर सोडून दोन्ही पेडल मागे दाबले. साखळ्या चिखलात फिरायला लागल्या, जागच्या जागी. पाणी मशीनच्या खाली आलं होतं. दाब चढला, तीनशे, तीनशे वीस, तीनशे चाळीस. सालकिनचा श्वास मला ऐकू येत होता आणि त्या दोन बोटांतून दाबाचा एकेक आकडा येत होता. मी देता येईल तेवढा सगळा जोर दिला. मागच्या साखळीला खडक लागला. मशीन वर चढलं, पाच हात, दहा हात, आणि चराच्या बाहेर आलं.

जोलदोशनं इंजिन बंद केलं. तीन वाजून सदतीस मिनिटं झाली होती.

कितीतरी वेळ फक्त पाण्याचा आवाज होता. मग फोन वाजला. झूरा म्हणाली, पाणी आलंय, गढूळ, काठाला लागून वाहतंय, पण अंगणात नाही. "आणि बाबा शुद्धीवर आलेत. खिडकीशी न्या म्हणतात, बघायचंय."

जोलदोश खाली उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "अक्सकाल, चूक माझी होती. मशीनचीही नाही, डेपोचीही नाही. मी पेटीला नमदा गुंडाळला." म्हातारे सालकिनकडे वळून म्हणाले, "हात दाखव." तिनं दाखवला असावा, कारण पुढे त्यांनी कापड फाडल्याचा आवाज आला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "दुपारी मी तुला काहीबाही बोललो, पोरी."

"मला ऐकू आलं नाही," सालकिन म्हणाली. आलं होतं. मी साक्षीदार आहे.

महिनाभरानं नवी पेटी आली. मला काढताना जोलदोशनं स्क्रू स्वतः उघडले, एकेक, घाई न करता, आणि मला सालकिनच्या हाती दिलं. आता मी डेपोत तिच्या टेबलावर असतो. कामाला लागणार नाही, एक पाय, म्हणजे ती पिन, गेलेला आहे. पण लॅपटॉप जोडला की अजून बोलतो. दुसऱ्या तालुक्यांतले मेकॅनिक शिकायला येतात, तेव्हा ती मला त्यांच्यासमोर ठेवते. "हा काय सांगतो ते वाचा, मग हा चुकतो कुठे ते शोधा," म्हणते. ते वाचतात. मी सेन्सर मेला म्हणतो, आणि ते हसतात. हसू द्या. त्यांच्या पोकलेनची पेटी काही सांगेल तेव्हा सेन्सर बदलायच्या आधी त्यांनी तिचे पाय पाहावेत, एवढीच माझी विनंती आहे.

पण एक गोष्ट त्यांना वाचता येत नाही. माझ्या आठवणीत बिघाडच तेवढे लिहिले जातात. त्या मंगळवारचे बारा आहेत. अकरा, मी बहिरा होतो तेव्हाचे. बारावा, तिचं बोट निसटलं तेव्हाचा. सालकिननं सदुसष्ट मिनिटं मला धरून ठेवलं, आणि त्यातले फक्त ते दोन सेकंद माझ्याकडे नोंदलेले आहेत.

परवा एकानं तिला विचारलं, "अडीचनंतर हा एकच आहे. मग त्या तासाभरात काय झालं?"

"काही नाही," सालकिन म्हणाली आणि पुढचं पान उघडलं.

ती सांगणार नाही. म्हणून मी सांगितलं.